एनपीएम, यार्न, पीएनपीएम की बन: सोलापुरातल्या छोट्या ऑफिसला कोणतं परवडतं

वेबसाइट बनवताना इतरांनी लिहून ठेवलेला तयार जावास्क्रिप्ट कोड (त्याला पॅकेज म्हणतात) आणून प्रोजेक्टमध्ये बसवणारी टूल्स म्हणजे पॅकेज मॅनेजर, आणि वरची चार नावं त्यांचीच. निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी एवढं वाचून कामाला लागावं. लॅपटॉपवर एकापेक्षा जास्त रिॲक्ट, व्ह्यू, नेक्स्ट अशा वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कचे प्रोजेक्ट आहेत, एसएसडी २५६ जीबीची आहे आणि नेट कधी जाईल याचा भरवसा नाही, असं असेल तर पीएनपीएम घ्या. एकच प्रोजेक्ट आहे, एकच माणूस काम करतोय, तर नोडसोबत (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) फुकट येणारं एनपीएम पुरेसं आहे, उगाच नवीन काही शिकत बसू नका. बन लई फास्ट आहे, ते नव्या प्रोजेक्टवर जरूर वापरून बघा. आणि यार्नचं जुनं व्हर्जन अजून वापरत असाल तर आता तिथून हलायला पाहिजे. का, ते आता सविस्तर लिहिते.

आमचं ऑफिस जुळे सोलापुरात, चार-पाच टेबलं, दोन खिडक्या. कामं म्हणाल तर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरवाल्यांचे एक्स्पोर्ट कॅटलॉग, शेंगा चटणीवाल्यांची ऑर्डर घ्यायची पानं, एखाद्या दवाखान्याचं अपॉइंटमेंटचं डॅशबोर्ड. म्हणजे प्रत्येक क्लायंटचा प्रोजेक्ट छोटा, पण प्रोजेक्ट भरपूर, आणि कुणाचाच कधी बंद होत नाही, दोन वर्षांनी फोन येतो की मॅडम तेवढा एक रंग ॲड करा टॉवेलच्या पानावर. मग तो जुना फोल्डर उघडायचा, इन्स्टॉल मारायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. पुण्यात मोठ्या कंपनीत बसून जी तुलना लोक करतात त्यात हे येतच नाही, तिथं मशीन कंपनी देते, नेट कंपनीचं, त्यामुळं सगळी चर्चा सेकंदांवर चालते. आमच्याकडं इंटर्नशिपला येणारी पोरं-पोरी भावाचा जुना लॅपटॉप घेऊन येतात, ८ जीबी रॅम, डिस्क निम्मी फोटोंनी भरलेली. तिथं टूल निवडताना प्रश्न वेगळे पडतात.

एक गोष्ट आधी क्लिअर करते कारण नवीन मुलांचा इथंच घोटाळा होतो. ही चारही टूल्स पॅकेज आणतात ती एकाच ठिकाणाहून, एनपीएमच्या रजिस्ट्रीवरून, म्हणजे पॅकेजच्या ऑनलाइन कोठारातून. रिॲक्ट तेच, ॲक्सिओस तेच, टेलविंड तेच. फरक एवढाच की आणलेलं सामान तुमच्या डिस्कवर कसं मांडायचं, कुठलं व्हर्जन आणलं ते कसं लिहून ठेवायचं आणि दुसऱ्या वेळी परत डाउनलोड करायचं का नाही. त्यामुळं टूल बदललं म्हणून कोड बदलावा लागत नाही (लागला तर तो कोडच आधीपासून चुकलेला असतो, ते खाली येतंय). आणि चारही ओपन सोर्स आहेत, क्लायंटला लायसन्सचा एक रुपया लागत नाही, हे बिल बनवताना विचारतात म्हणून सांगते.

एनपीएमपासून सुरुवात करू. २०१० मध्ये आयझॅक श्लूटरनं हे काढलं, २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या गिटहबनं एनपीएमची कंपनी विकत घेतली, म्हणजे आता मागं मायक्रोसॉफ्ट आहे. जुन्या लोकांच्या मनात एनपीएमबद्दल जो राग आहे तो बऱ्यापैकी जुन्या काळातला आहे. आधी पॅकेजच्या पोटात पॅकेज, त्याच्या पोटात परत पॅकेज असं चालायचं, विंडोजवर पाथ इतका लांब व्हायचा की फोल्डर डिलीट होत नसे. २०१५ मध्ये व्हर्जन ३ आलं आणि सगळी पॅकेजं शक्य तेवढी वरच्या एकाच थरात पसरायला लागली. २०१७ मध्ये व्हर्जन ५ सोबत पॅकेज-लॉक.जेसन आलं (नेमकं कुठलं व्हर्जन आणलं ते लिहून ठेवणारी लॉक फाइल), २०२० च्या शेवटी व्हर्जन ७ मध्ये वर्कस्पेसेस (एकाच प्रोजेक्टमध्ये अनेक पॅकेजं सांभाळायची सोय) आले. आज एनपीएम चांगलं टूल आहे, मी हे मनापासून म्हणतेय. कुठल्याही होस्टिंगवर चालतं, कुठल्याही ट्युटोरियलमध्ये त्याच्याच कमांड असतात, अडलं तर उत्तर लगेच सापडतं, आणि शिकणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी त्याच्यावरच बसवावं.

पण एनपीएम वापरताय तर एनपीएम सीआय ही कमांड शिका. आमच्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ पोरांना ही माहीतच नसते. साधं इन्स्टॉल मारलं की पॅकेज.जेसन (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजची यादी) आणि लॉक फाइल जुळत नसतील तर ते लॉक फाइल बदलून टाकतं आणि पुढं जातं. सीआय तसं करत नाही, आधीचं नोड मॉड्यूल्स फोल्डर (आणलेली पॅकेजं जिथं ठेवतात ते) उडवतं, लॉकमध्ये जे लिहिलंय तेच आणि तेवढंच आणतं, आणि दोन्ही फाइली जुळत नसतील तर एरर देऊन थांबतं. दोन वर्षांनी टॉवेलचा रंग ॲड करायचाय ना, तेव्हा हेच लागतं.

एनपीएमच्या त्या पसरवण्याच्या पद्धतीत एक गोम आहे. समजा तुम्ही ॲक्सिओस टाकलं. ॲक्सिओसला स्वतःला फॉर्म-डेटा, फॉलो-रीडायरेक्ट्स अशी पॅकेजं लागतात, ती पण सोबत येतात आणि वरच्याच थरात जाऊन बसतात. आता तुमच्या कोडमध्ये तुम्ही फॉर्म-डेटा इम्पोर्ट केलं तर ते चालतं, जरी पॅकेज.जेसनमध्ये तुम्ही ते कधीच लिहिलेलं नसलं तरी. उद्या ॲक्सिओसवाल्यांनी ते काढलं किंवा व्हर्जन बदललं की तुमचं काम बंद, आणि कारण शोधताना संध्याकाळ होते. ह्याला फँटम डिपेंडन्सी म्हणतात, आणि दुसऱ्यांकडून आमच्याकडं आलेल्या जवळपास प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एखादी तरी निघतेच.

आता पीएनपीएम, आणि इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण ह्याचं काम समजून घेण्यासारखं आहे. झोल्तान कोचान ह्यांचं हे टूल, १.० आलं २०१७ मध्ये. ह्याची कल्पना अशी की पॅकेजच्या फाइली तुमच्या डिस्कवर एकाच ठिकाणी ठेवायच्या, त्याला स्टोअर म्हणतात, आणि प्रत्येक प्रोजेक्टला तिथली फाइल हार्ड लिंकनं (कॉपी न करता त्याच फाइलला दुसरं नाव) जोडून द्यायची. एमआयडीसीतल्या व्यापाऱ्याचं जसं गोडाऊन एक आणि काउंटर चार, तसंच. माल एकदाच भरायचा. दहा प्रोजेक्टमध्ये एकाच व्हर्जनचं रिॲक्ट असेल तर डिस्कवर जागा एका रिॲक्टचीच जाते. आणि व्हर्जन बदललं आणि त्यात एकच फाइल वेगळी असेल तर स्टोअरमध्ये ती एकच फाइल नवीन येते, बाकीच्या जुन्याच वापरल्या जातात.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पीएनपीएमनं इन्स्टॉल केलेल्या प्रोजेक्टचं नोड मॉड्यूल्स उघडा. एनपीएममध्ये जिथं शेकडो फोल्डर दिसतात तिथं इथं फक्त तुम्ही पॅकेज.जेसनमध्ये लिहिलेली नावं दिसतील, सात-आठ लिहिली असतील तर सात-आठच, आणि ती पण खरी फोल्डर नाहीत, सिमलिंक म्हणजे शॉर्टकटसारख्या लिंक आहेत. खरं सगळं आतल्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये, डॉट पीएनपीएम नावाच्या. तिथं प्रत्येक पॅकेज नाव ॲट व्हर्जन अशा पाटीखाली बसलेलं असतं, आणि ॲक्सिओसच्या खोलीत शिरलात की त्याचं फॉर्म-डेटा त्याच्या शेजारी लिंक केलेलं दिसतं, म्हणजे ॲक्सिओसला ते सापडतं, पण तुमच्या कोडला सापडत नाही. फँटम डिपेंडन्सीचा विषय तिथंच संपला.

ह्यामुळं जुना प्रोजेक्ट पीएनपीएमवर आणला की पहिल्या दिवशी एरर येतात आणि लोक टूलला शिव्या घालतात. आमच्याकडची एक इंटर्न परवा म्हणाली, "मॅडम, एनपीएमवर चालत होतं, आता मॉड्यूल सापडत नाही म्हणतंय." मी म्हणलं, पॅकेज.जेसन उघड बघू, लिहिलंयस का ते त्यात? "नाही मॅडम, पण ते आपोआप यायचं की." आपोआप यायचं हाच तर प्रॉब्लेम होता. पीएनपीएम ॲड मारून नाव लिहिलं, एरर गेला, आणि प्रोजेक्ट आधीपेक्षा पक्का झाला. जुनी लॉक फाइल टाकून द्यायची पण गरज नाही, पीएनपीएम इम्पोर्ट अशी कमांड आहे, ती एनपीएमच्या लॉकमधून नवीन लॉक बनवून देते, व्हर्जन तीच राहतात.

नेटच्या बाबतीत तर हे टूल आमच्यासाठीच बनवल्यासारखं वाटतं. मे महिन्यात दुपारी लाइट गेली, राउटर बंद, इन्व्हर्टरवर फक्त पंखे, अशा वेळी नवीन प्रोजेक्ट सुरू करायचाय आणि लागणारी पॅकेजं त्याच व्हर्जनची आधी दुसऱ्या प्रोजेक्टसाठी आणलेली आहेत, लॉक फाइल हाताशी आहे, तर कमांडला ऑफलाइन फ्लॅग (पुढं जोडायचा पर्याय) लावून इन्स्टॉल होऊन जातं. एनपीएमलाही कॅश (आधी आणलेलं साठवून ठेवायची जागा) आहे आणि त्यालाही ऑफलाइन फ्लॅग आहे, पण तिथं कॅशमधून परत सगळं उलगडून कॉपी करावं लागतं, त्यामुळं वेळ आणि जागा दोन्ही जातं.

विंडोजवाल्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, हार्ड लिंक एकाच ड्राइव्हमध्ये होते. प्रोजेक्ट डी ड्राइव्हला ठेवले तर पीएनपीएम डी वर वेगळं स्टोअर करतं, सी वर असतील तर सी वर वेगळं. निम्मे इकडं निम्मे तिकडं ठेवलेत तर जागा वाचण्याचा फायदा निम्मा झाला, म्हणून सगळे प्रोजेक्ट एकाच ड्राइव्हला ठेवा. दुसरी, फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितली तर साइज पूर्वीएवढीच दिसते आणि लोक म्हणतात काही वाचलं नाही. तसं नसतंय, विंडोज प्रत्येक लिंकची साइज परत परत मोजतं. ड्राइव्हमध्ये मोकळी जागा किती उरली ते बघा, खरं तिथं कळतं. तिसरी जास्त महत्त्वाची, नोड मॉड्यूल्समधली फाइल उघडून त्यात चूक शोधायला कन्सोल लॉगची ओळ टाकायची सवय असेल तर ती सोडा. फाइल हार्ड लिंक असेल तर तुम्ही एका प्रोजेक्टमध्ये नाही, स्टोअरमधली मूळ फाइल बदलताय, आणि ती बाकीच्या प्रोजेक्टमध्येही बदलते. त्यासाठी पीएनपीएम पॅच नावाची कमांड आहे, ती वापरा. आणि सहा महिन्यांतून कधीतरी पीएनपीएम स्टोअर प्रून मारा, कुठल्याच प्रोजेक्टला न लागणारं सामान निघून जातं.

कमी काय आहे? रिॲक्ट नेटिव्हचे (मोबाइल ॲपचे) जुने प्रोजेक्ट सिमलिंकवर अडखळतात, त्यांना नोड-लिंकर हॉइस्टेड अशी सेटिंग करावी लागते, मग मांडणी एनपीएमसारखी सपाट होते. काही स्वस्त होस्टिंगवर पीएनपीएम नसतंच, तिथं बिल्ड आपल्या मशीनवर करून तयार फाइली चढवाव्या लागतात. एवढं सोडलं तर माझी तक्रार नाही. व्ह्यू आणि व्हीट (बिल्ड करायचं टूल) यांचे स्वतःचे कोडबेस ह्याच टूलवर चालतात, म्हणजे हे कुणाचं हौशी खेळणं नाही.

यार्नबद्दल आदरानं पण थोडक्यात. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये फेसबुकनं गूगल वगैरे लोकांसोबत हे काढलं तेव्हा एनपीएमला नीट लॉक फाइल नव्हती, आणि यार्ननं ती आणली म्हणून सगळ्यांचं भलं झालं. पण ते यार्न म्हणजे व्हर्जन १, ज्याला आता क्लासिक म्हणतात, आणि त्यात नवीन काही येत नाही. गंमत अशी की आजही एनपीएमवरून ग्लोबल यार्न टाकलं तर १.२२ च येतं, त्यामुळं पुष्कळ जणांना वाटतं आपण चालू यार्न वापरायलोय. नवीन यार्न वेगळंच आहे, २०२० मध्ये व्हर्जन २ आलं, २०२३ मध्ये ४ आलं, त्यात प्लग अँड प्ले नावाची पद्धत आहे, नोड मॉड्यूल्स फोल्डरच नाही, पॅकेजं झिपमध्ये राहतात आणि एक फाइल सांगते कुठलं कुठं आहे. कल्पना हुशार आहे. पण एडिटरला वेगळं सेटअप करावं लागतं, काही टूल्स हट्टानं नोड मॉड्यूल्सच शोधतात, आणि त्या झिप गिटमध्ये (कोडमधले बदल जपून ठेवणारं टूल) टाकायच्या म्हणलं तर रेपो म्हणजे प्रोजेक्टचा साठा फुगतो, आमच्या नेटवर क्लोन करायला, म्हणजे तो उतरवून घ्यायला, नको वाटतं. मोठ्या टीमला, एका रेपोत भरपूर पॅकेजं ठेवणाऱ्यांना ते शोभतं. आमच्यासारख्यांना त्यातलं जे पाहिजे ते पीएनपीएममध्ये कमी कटकटीत मिळतं.

बन. जॅरेड समनरनं झिग भाषेत लिहिलेलं, १.० सप्टेंबर २०२३ मध्ये, विंडोजवर नीट आलं ते १.१ पासून म्हणजे एप्रिल २०२४. इन्स्टॉलचा वेग बघून पहिल्यांदा वाटतं काही झालंच नाही की काय, इतक्यात प्रॉम्प्ट परत येतो. आधी त्याची लॉक फाइल बायनरी होती, उघडून वाचता यायची नाही, दोघांनी एकाच वेळी पॅकेज टाकलं की गिटमध्ये भांडण कसं सोडवायचं कळायचं नाही. १.२ पासून, जानेवारी २०२५, ती साधी टेक्स्ट झाली, तेव्हापासून मी ह्याच्याकडं गंभीरपणे बघायला लागले. बन फक्त पॅकेज मॅनेजर नाही, नोडच्या जागी कोड चालवणारा रनटाइम आहे, फाइली एकत्र बांधणारा बंडलर आहे, टेस्ट रनर आहे, पण सगळं घ्यायची सक्ती नाही, नोड ठेवून फक्त बन इन्स्टॉल वापरता येतं. नवीन छोट्या प्रोजेक्टवर आम्ही ते वापरतो आणि खूश आहोत. क्लायंटच्या जुन्या कामावर लगेच नेणार नाही, कारण तिथं वेगापेक्षा दोन वर्षांनी तसंच उघडणं जास्त महत्त्वाचं आहे.

आता सुरक्षेचं, आणि हे कृपा करून वगळू नका. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज लेखकानं काढून घेतलं आणि जगभर बिल्ड बंद पडले, ते सगळ्यांनी ऐकलंय. पण सप्टेंबर २०२५ मध्ये जे झालं ते त्याहून वाईट. चॉक, डिबग अशी, जी जवळपास प्रत्येक प्रोजेक्टमध्ये कुठंतरी आत असतातच, त्यांच्या मेंटेनरला फसव्या ईमेलनं गंडवून त्या पॅकेजमध्ये क्रिप्टो चोरणारा कोड घातला. त्यानंतर काही दिवसांतच एक वर्म (आपोआप पसरणारा व्हायरस) आला जो इन्स्टॉल होताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमधून डेव्हलपरचे टोकन (पासवर्डसारख्या किल्ल्या) चोरायचा आणि त्यांच्या बाकीच्या पॅकेजमध्ये स्वतःला घुसवायचा. म्हणजे तुम्ही कोड चालवलाही नाही, नुसतं इन्स्टॉल मारलं आणि लॅपटॉपमधलं गेलं. ज्या लॅपटॉपवर क्लायंटच्या सर्व्हरच्या किल्ल्या आहेत त्यावर.

इथं पीएनपीएमनं फार चांगलं केलंय. व्हर्जन १० पासून दुसऱ्या पॅकेजच्या अशा स्क्रिप्ट आपोआप चालतच नाहीत. इन्स्टॉल संपल्यावर ते सांगतं की ह्या ह्या पॅकेजच्या स्क्रिप्ट थांबवल्यात, ईएसबिल्ड, शार्प अशी नावं दिसतात, मग अप्रूव्ह-बिल्ड्स कमांड देऊन ज्याच्यावर विश्वास आहे तेवढ्याला परवानगी द्यायची. आणि १०.१६ मध्ये मिनिमम रिलीज एज नावाची सेटिंग आली, त्यात मिनिटं लिहायची, १४४० लिहिलं तर जे व्हर्जन येऊन एक दिवस झाला नाही ते टूल घेतच नाही. असे हल्ले बहुतेक वेळा काही तासांत उघडकीला येतात, म्हणून एवढा एक दिवसाचा धीर खूप वाचवतो. आम्ही सगळ्या प्रोजेक्टला हे लावलंय. बनसुद्धा अनोळखी पॅकेजच्या स्क्रिप्ट आपोआप चालवत नाही, आणि १.३ मध्ये तिथंही वयाची अशीच अट आली.

आणि एक बाजू अशी की कधी कधी ह्यातलं काहीच नको असतं. चटणीवाल्याचं एक पान आहे, फोटो, भाव, व्हॉट्सॲपचं बटण, त्याला कशाला रिॲक्ट आणि कशाला नोड मॉड्यूल्स? आता सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये इम्पोर्ट मॅप्स चालतात, सफारीतही २०२३ पासून. एचटीएमएलमध्ये चार ओळीत लिहायचं की अमुक नाव म्हणजे अमुक पत्त्यावरची अमुक व्हर्जनची फाइल, आणि स्क्रिप्ट टाइप मॉड्यूल करून इम्पोर्ट करायचं. बिल्ड नाही, इन्स्टॉल नाही. फक्त व्हर्जनचा आकडा पूर्ण लिहा, लेटेस्ट लिहून सोडू नका. काही जुन्या साइटमध्ये अजून बॉवर सापडतं, ट्विटरचं २०१२ चं टूल, ते आता स्वतःच लोकांना दुसरीकडं जायला सांगतं, तर असा प्रोजेक्ट आला की जे दोन-तीन प्लगिन आहेत ते एनपीएमच्या रजिस्ट्रीवर शोधून हलवून टाका, अर्ध्या दिवसाचं काम असतं.

टीममध्ये टूल एकच ठेवा. एकाच फोल्डरमध्ये पॅकेज-लॉक.जेसन पण आहे, यार्न.लॉक पण आहे, असे प्रोजेक्ट येतात आमच्याकडं, आणि खरं व्हर्जन कुठलं हे कुणालाच सांगता येत नाही. पॅकेज.जेसनमध्ये पॅकेज मॅनेजर नावाचं फील्ड आहे, त्यात टूल आणि व्हर्जन लिहून ठेवा. नोड मॉड्यूल्स पेन ड्राइव्हवर घालून एकमेकांना देणं तर बंदच करा, कॉलेजातली पोरं अजून करायलेत. हजारो बारक्या फाइली, कॉपीला तासभर, आणि पीएनपीएमचं फोल्डर असेल तर पेन ड्राइव्हच्या फॉरमॅटला लिंक समजतच नाहीत.

त्यापेक्षा ज्यांची लॅब आहे, क्लास आहे, त्यांनी व्हर्डाचिओ लावा. हे पण ओपन सोर्स, तुमच्या एका मशीनवर चालणारी छोटी रजिस्ट्री. एखादं पॅकेज पहिल्यांदा कुणी मागितलं की ते बाहेरून आणून स्वतःजवळ ठेवतं, नंतर वीस पोरांनी तेच मागितलं तरी बाहेरच्या नेटवर लोड नाही, लॅबच्या वायरवरूनच मिळतं. पोर्ट ४८७३ वर चालतं, बाकीच्या मशीनवर रजिस्ट्रीचा पत्ता तेवढा बदलायचा, चारही टूल्सना तो बदलता येतो. जुना डेस्कटॉप पडून असेल तर तो पुरतो, फक्त डिस्क बरी बघून घ्या आणि यूपीएसवर ठेवा.